साठ टक्के आणि दुसरी उशी

पत्र

डॉक्टरबाईंना नमस्कार. मी गोव्यातल्या कुंभारजुव्याची. माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. त्यांचा सगळा जन्म शेतीत गेला, गावची मानसही (खाजनातलं, म्हणजे खाऱ्या नदीकाठच्या शेतातलं, पाणी राखणारी लाकडी दारं) त्यांनी बरीच वर्षं सांभाळली. दहा वर्षांपासून त्यांना बीपी आहे. गेल्या महिन्यात माडीचा जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. रिपोर्टमध्ये लिहिलंय: डाव्या व्हेंट्रिकलची भिंत जाड, १३ मिलिमीटर, डावं एट्रियम किंचित मोठं, ४२ मिलिमीटर, डायस्टोलिक डिसफंक्शन ग्रेड १, इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के. डॉक्टरांकडे गर्दी होती. ‘पंपिंग चांगलं आहे, गोळ्या चुकवू नका’ एवढंच ते म्हणाले. बाबांनी ६० टक्के वाचलं आणि हायच खाल्ली. ‘४० टक्के हृदय गेलं, आता गोळ्या खाऊन काय होणार’ असं म्हणून बीपीची गोळीच सोडली. भाऊ म्हणतो ब्लॉकेज असणार, अँजिओग्राफी करूया. मला वाटतं, भिंत जाड झाली म्हणजे हृदय बळकट झालं ना? बाबा हल्ली रात्री दोन उशा घेतात, बाकी जेवणखाण नेहमीसारखंच. हृदयाचे चार कप्पे शाळेत शिकले होते, पण त्यावरून हा रिपोर्ट काही उलगडत नाही. समजावून सांगाल का?

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला एक वाक्य जास्त लागलं, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलंय. बाबा हल्ली दोन उशा घेतात. हे डॉक्टरांना सांगितलं होतं का? ही दुसरी उशी कधी आली, इको काढण्याआधी की गोळी सोडल्यानंतर? आज रात्री बाबांना शांतपणे विचारा. एकाच उशीवर सपाट झोपलं तर काय होतं, तेही विचारा. मान अवघडते म्हणाले तर गोष्ट वेगळी. पण श्वास कोंडतो, उठून बसावंसं वाटतं, असं म्हणाले तर माझं उत्तर वाचून संपवायच्या आधी उद्या सकाळची डॉक्टरांची वेळ घ्या.

आता तो ६० टक्क्यांचा घोर. आपल्याला टक्के म्हटले की परीक्षा आठवते, म्हणून बाबांना वाटलं की १०० पैकी ४० गेले. या आकड्याचा, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शनचा, हिशेब निराळा आहे. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात जमलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती भाग बाहेर पडतो, एवढंच तो सांगतो. धडधाकट माणसाच्या या कप्प्यात ठोक्याच्या आधी साधारण १२० मिलिलीटर रक्त भरलेलं असतं. ठोक्यासरशी त्यातलं ७० च्या आसपास बाहेर जातं आणि ५० आतच राहतं. म्हणजे ५८ टक्के. तुमचं, माझं, फुटबॉल खेळणाऱ्या पोराचं, सगळ्यांचं प्रमाण बहुतेक ५५ ते ७० च्या मध्येच असतं. १०० टक्के कोणाचंच नसतं, कारण हा कप्पा कधीच पूर्ण रिकामा होत नाही. बाबांचं काहीही ‘गेलेलं’ नाही. हे त्यांना आजच सांगा, आणि तुम्ही स्वतः सांगा. एका चुकीच्या समजुतीने त्यांची गोळी सुटली आहे.

मग धाप का लागते? त्यासाठी चार कप्प्यांकडे पुन्हा एकदा जावं लागेल.

वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद, खालचे दोन म्हणजे निलय. तुमच्या रिपोर्टातलं एट्रियम ते अलिंद आणि व्हेंट्रिकल ते निलय. मला ही नावं फार आवडतात. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढचा ओटा आणि निलय म्हणजे राहतं घर. आपल्या जुन्या घरांत आलेला माणूस आधी सोप्यावर टेकतो, मग आत जातो. रक्तही तसंच आधी अलिंदात थांबतं आणि मग निलयात उतरतं. जुन्या पुस्तकांत अलिंदाला कर्णिका म्हणत, कारण त्याच्या कडेला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी असते. ती पिशवी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

अंगभर फिरून दमलेलं रक्त दोन मोठ्या शिरांतून उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात, आणि ते निलय त्याला फुप्फुसांकडे ढकलतं. तिथे प्राणवायू घेऊन ते चार शिरांवाटे डाव्या अलिंदात परततं, खाली डाव्या निलयात उतरतं, आणि हे निलय त्याला महाधमनीत लोटतं, डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत. दोन्ही बाजूंच्या मध्ये सलग भिंत आहे. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं होतं की या भिंतीला न दिसणारी छिद्रं आहेत आणि रक्त त्यातून पाझरतं. हजार वर्षांहून जास्त काळ लोकांनी ते मानलं. तेराव्या शतकात इब्न अल नफीस या अरब वैद्याने ठामपणे सांगितलं की छिद्रं नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरूनच डावीकडे येतं. पुढे १६२८ साली विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने पूर्ण फेरा मांडला, तोही साध्या हिशेबाने: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त बाहेर टाकतं तेवढं अख्ख्या शरीरात नसतंच, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आज आपण म्हणतो की आरामात बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवतं. अंगात एकूण रक्त जवळपास तेवढंच असतं.

मी हृदय पहिल्यांदा हातात घेतलं ते पणजीला, मांडवीच्या काठावरच्या जुन्या मेडिकल कॉलेजात. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यकशाळेची ती परंपरा. फॉर्मलिनने डोळे चुरचुरत होते. सरांनी आधी उजवं निलय उघडायला लावलं. त्याची भिंत जेमतेम ३-४ मिलिमीटरची, चीर दिली की ओल्या कापडासारखी आत बसली. मग डावं. ते कापलं तरी तसंच उभं राहिलं. मी आत अंगठा घातला तर चारी बाजूंनी घट्ट मांस लागलं. आडवा छेद घेतल्यावर डावं निलय वाटोळं दिसलं आणि उजवं त्याला चंद्रकोरीसारखं बिलगलेलं. दोन्ही बाजू प्रत्येक ठोक्याला सारखंच रक्त पाठवतात, मग हा फरक का? फुप्फुसं शेजारीच आहेत आणि तिथे अडथळा कमी, म्हणून उजव्याला, बीपीच्याच मापात, २५ च्या आसपास दाब पुरतो. डाव्याला १२० लागतो. ज्याला जितकं रेटावं लागतं तितकं त्याचं मांस.

तुमचा प्रश्न इथेच सुटतो. पुरुषांत डाव्या निलयाची भिंत १० मिलिमीटरपर्यंत असावी, बाबांची १३ आहे. बीपी जास्त म्हणजे महाधमनीतला दाब जास्त. प्रत्येक ठोक्याला त्या दाबाविरुद्ध दार उघडायचं, दिवसाला सुमारे १ लाख वेळा, आणि तेही दहा वर्षं. मांस वाढणारच. दंडाचं मांस वाढलं तर आपण कौतुक करतो. पण ही भिंत वाढते तेव्हा बहुतेक वेळा आतली जागा आकसते, आणि वाढलेलं मांस कडक होतं, त्यात तंतू वाढतात. आकुंचन जोरदार राहतं, सैल पडणं मंदावतं. रिपोर्टातल्या डायस्टोलिक डिसफंक्शनचा अर्थ एवढाच: ठोका झाल्यावर निलय जितक्या चटकन सैल व्हायला हवं, तितकं होत नाही.

हे बाबांना सांगायला माझ्यापेक्षा त्यांची मानसच बरी. त्यांनी ती सांभाळली आहे, म्हणून मी मुद्दाम तिच्यावर येते. मानशीच्या लाकडी दारांना कोणी ढकलत नाही. भरतीला नदीचं पाणी चढलं की त्याच्याच रेट्याने दारं मिटतात, खारं पाणी खाजनात शिरत नाही. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नदी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर पडतं. हृदयाच्या चारही झडपा अगदी अशाच चालतात. त्या झडपांच्या पाकळ्यांत स्वतः हलणारं मांस नाही. ज्या बाजूला दाब जास्त तिकडून त्या उघडतात किंवा मिटतात. अलिंद आणि निलय यांच्यामधल्या दोन झडपांना खालून बारीक पांढऱ्या दोऱ्या असतात, निलयाच्या भिंतीतल्या मांसाच्या खुंट्यांना बांधलेल्या, म्हणजे जोराच्या ठोक्याला पाकळ्या उलट्या वर फिरत नाहीत. बाबांच्या छातीला कान लावून पाहा. पहिला आवाज या दोन झडपा मिटल्याचा. दुसरा, किंचित आखूड, बाहेर जाणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपांचा.

आता बाबांना विचारा: नदी पुरती उतरलीच नाही, सुकती अर्धवटच राहिली, तर शेतात काय होतं? ते लगेच सांगतील, दारं नीट उघडत नाहीत आणि पाणी शेतात तुंबतं. डावं निलय म्हणजे ती नदी आणि डावं अलिंद म्हणजे आतलं शेत. निलय पुरतं सैल झालं नाही की त्याच्यातला दाब पुरता उतरत नाही. मग अलिंदातलं रक्त सहज खाली जात नाही, त्याला जोर लावून ढकलावं लागतं. एरवी निलयात भरणाऱ्या रक्ताचा मोठा भाग आपसूक उतरतो, शेवटचा पाचवा हिस्सा किंवा थोडा जास्त अलिंद आकुंचन पावून घालतं. कडक निलयात अलिंदाचा हा वाटा वाढतो. पातळ भिंतीचं ते, रोज ताण सोसून सोसून पसरतं. बाबांचं अलिंद ४२ मिलिमीटर झालंय ते यामुळे. आणि अलिंदातही तुंबलं की त्याच्या मागे आहेत त्या चार शिरा आणि त्यांच्या मागे फुप्फुसं.

जिन्यावरची धाप आता समजेल. मिनिटाला ७५ ठोके पडत असताना एका फेऱ्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले ०.३ आकुंचनाचे, ०.५ सैल होऊन भरण्याचे. म्हणजे हृदयाचा जास्त वेळ भरण्यातच जातो, आणि आपण मात्र त्याला नुसता पंप म्हणतो. जिना चढताना ठोके १२० झाले की भरायचा वेळ जवळपास निम्म्यावर येतो. निरोगी निलय तेवढ्यात चटकन भरून घेतं. कडक निलयाला ते जमत नाही. दुसरी उशी का लागते तेही त्यातच आहे. दिवसभर पायांत आणि पोटात राहिलेलं रक्त आडवं झाल्यावर हृदयाकडे परत येतं. ते वाढलेलं रक्त डाव्या बाजूला सामावत नाही, ते फुप्फुसांत साचतं आणि श्वास कोंडतो. डोकं उंच केलं की बरं वाटतं.

‘ग्रेड १’ ही सुरुवातीची पायरी आहे. या वयात आणि बीपी असताना ती कितीतरी जणांत दिसते, आणि या पायरीवर माणसाला बहुधा काही जाणवत नाही. म्हणूनच मी उशीवर अडले आहे. इको काढला त्या दिवसाचं ते चित्र होतं. त्यानंतर गोळी सुटली आहे, बीपी वर गेलं असेल, आणि चित्र बदललं असेल. शिवाय ६० टक्के हा आकडा आत किती रक्त आलं ते सांगत नाही. १२० आलं तर ६० टक्के म्हणजे ७२ मिलिलीटर. जागा आकसून ९० च आलं तर तेच ६० टक्के म्हणजे ५४. आकडा चांगला, तरी धाप खरी, हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं. ‘पंपिंग चांगलं आहे’ हे डॉक्टर बरोबरच म्हणाले. भरण्याचं सांगायचं राहून गेलं.

दिलासा यात आहे की बीपी नीट आवरलं तर ही जाडी हळूहळू कमी होऊ शकते. महिने लागतात, पण होते. हे मी पेशंटमध्ये पाहिलंय. त्या गोळीचं काम नुसता यंत्रावरचा आकडा खाली आणणं हे नाही. दर ठोक्याला नदीची पातळी उतरवणं हे तिचं काम. बाबांना ती भाषा कळेल. मात्र घरात उरलेली पाकिटं उघडून आपल्या मनाने सुरुवात करू नका. मधे खंड पडला आहे, कोणती गोळी, किती, हे डॉक्टरांना पुन्हा ठरवू द्या.

‘जेवणखाण नेहमीसारखंच’ असं तुम्ही लिहिलंय, आणि आपलं नेहमीसारखं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सकाळच्या पेजेला खारा बांगडा, दुपारी सुकी सुंगटं (कोळंबी), बाजूला मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या बेगमीच्या, बरण्या पावसाळाभर पुरवायच्या. हे सगळं मिठात मुरलेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक लहान चमचा, तोही पूर्ण दिवसाच्या सगळ्या पदार्थांत मिळून. खारवलेल्या बांगड्याच्या एका मोठ्या तुकड्यावर त्यातला मोठा वाटा संपतो. यात एक सुंदर गोष्ट आहे. अलिंद ताणलं गेलं की ते स्वतः एक संप्रेरक रक्तात सोडतं, आणि ते मूत्रपिंडांना सांगतं की मीठ आणि पाणी बाहेर टाका. १९८१ साली आदोल्फो द बोल्द यांनी हे शोधलं, तोवर हृदयालाही ग्रंथीचं काम येतं हे सिद्ध झालेलं नव्हतं. बाबांचं पसरलेलं अलिंद कदाचित आत्ताही तो निरोप पाठवत असेल. वरून आपण खारा बांगडा वाढायचा, हे बरोबर नाही. ताजी मासळी भरपूर द्या, सोलकढी बिनमिठाची करून पाहा, सोलांच्या (कोकमाच्या) आंबटाने मिठाची उणीव पुष्कळ झाकली जाते. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका. बीपीच्या काही गोळ्यांबरोबर त्यातलं पोटॅशियम त्रास देतं. आणि गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. त्यातल्या बऱ्याच अंगात पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात.

त्या कानाच्या पाळीसारख्या पिशवीचं आता सांगते. अलिंद पसरलं की कधी कधी त्याचा ताल बिघडतो. ठोक्याची सुरुवात उजव्या अलिंदातल्या एका छोट्याशा जागेतून होते, आणि तिथून निघालेला इशारा खाली निलयांत पोचण्याआधी क्षणभर, सेकंदाचा सुमारे दहावा भाग, थांबतो, म्हणजे अलिंदांना आपलं रक्त उतरवायला सवड मिळते. ताल बिघडलेल्या अलिंदात मात्र अनेक इशारे एकाच वेळी भिरभिरू लागतात. अलिंद आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरतं. मग त्या पिशवीत रक्त साकळून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. हे बाबांना झालंय असं मी म्हणत नाही. पण रोज सकाळी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची सवय लावा. ठोके मागेपुढे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, असं वाटलं तर त्याच दिवशी ईसीजी काढा.

भावाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. पण तो ज्या ब्लॉकेजबद्दल बोलतोय ते या कप्प्यांमधलं नव्हे. कप्पे रक्ताने भरलेले असले तरी डाव्या निलयाच्या जाड भिंतीला तिचा प्राणवायू त्या रक्तातून मिळत नाही. महाधमनीच्या मुळाशी दोन वाहिन्या फुटतात, त्या हृदयाच्या बाहेरून पसरतात आणि मांसाला रक्त देतात. ब्लॉकेज त्यांत होतं. इकोत ते थेट दिसत नाही, आणि चालताना छातीत दाटतं का, मधुमेह आहे का, ईसीजी कसा आहे, हे पाहून अँजिओग्राफीचं ठरतं. डॉक्टरांना विचारावं, घरात वाद घालून ठरवू नये. एवढं मात्र खरं की डाव्या निलयाच्या मांसाला रक्त मिळतं ते मुख्यतः ते सैल असतानाच. आवळलेल्या मुठीत रक्त शिरत नाही तसं.

आता करायचं काय. या आठवड्यातच, आणि झोपताना श्वास कोंडत असेल तर उद्याच, बाबांना घेऊन जा. इकोचा कागद, जुन्या गोळ्यांची पाकिटं आणि रोजचं वजन लिहिलेला कागद बरोबर ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीआधी वजन घ्यायचं. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे. घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का बघा. बीएनपी नावाची एक रक्तचाचणी आहे, तिने धाप हृदयाची आहे की फुप्फुसांची याचा पुष्कळ अंदाज येतो, ती करायची का विचारा. बसल्या जागी धाप लागली, रात्री घुसमटून जाग आली, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि दवाखान्यात गर्दी असली तरी खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य उशीचं बोला. बाबा ‘काही नाही हो, सवय आहे’ म्हणतील. त्यांना म्हणू द्या, तरी तुम्ही सांगा.